एलएलव्हीएम बिल्ड करताना लिंकिंगपाशी संगणक गोठतो, मदत हवी आहे

चक्रधर
एलएलव्हीएम (कंपायलर बांधण्याचा पाया) आणि क्लँग (त्यावरचा सी/सी++ कंपायलर) सोर्सवरून बिल्ड करण्याचा हा माझा तिसरा प्रयत्न आहे. कंपायलेशन नीट पार पडते. लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणे) सुरू झाले की मात्र माउसही हलेनासा होतो आणि थोड्या वेळाने 'एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ९' एवढेच दाखवून काम थांबते. शुक्रवारपर्यंत एक पॅच तपासून द्यायचा आहे, तेव्हा कृपया थेट उपाय सांगावा.

पारवा
रॅम किती आहे, लिंकर कोणता आहे आणि सीमेकला (बिल्डची मांडणी ठरवणाऱ्या साधनाला) कोणते पर्याय दिले आहेत, हे कळल्याशिवाय उपाय कसा सांगणार? सिग्नल ९ पाहता मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच लिंकरला मारले असावे. कर्नलच्या लॉगमध्ये तशी नोंद सापडते का पाहावे.

निवांत
सीकॅश बसवा, ते आधीचे कंपायलेशन साठवून पुन्हा वापरते. माझा दुसरा बिल्ड निम्म्याहून कमी वेळात झाला.

चक्रधर
सीकॅश आहेच, पण त्याचा लिंकिंगशी संबंध नाही. रॅम १६ जीबी, ८ कोअर, बिल्ड चालवायला निन्जा, लिंकर उबुंटूबरोबर येतो तोच. बिल्ड अर्थातच डिबग (चुका शोधण्याची माहिती सोबत ठेवणारा) आहे.

पारवा
ते 'अर्थातच' महागात पडले आहे. ८ कोअर असले की निन्जा एका वेळी १० कामे काढतो. कंपायलेशनला ते चालून जाते, पण शेवटी क्लँग, ऑप्ट, एलएलसी अशी साधने एकदम लिंकिंगला येतात आणि त्याच स्टॅटिक लायब्ररी डिबग माहितीसकट प्रत्येकात नव्याने ओतल्या जातात. 'एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स' १ करावे आणि टार्गेटमध्ये फक्त एक्स८६ ठेवावे, नाहीतर तुम्हाला नको असलेल्या प्रोसेसरांचे बॅकएंडही (त्यांच्यासाठी कोड बनवणारे भागही) बांधले जातात.

लोहार
एवढा खटाटोप कशाला? रुई उएयामा यांचा मोल्ड हा वेगवान लिंकर लावा, लिंकिंग काही सेकंदांत उरकेल.

पारवा
प्रश्न वेगाचा नसून मेमरीचा आहे. वेगवान लिंकरसुद्धा दहा प्रती एकदम चालवल्या तर १६ जीबीत मावणार नाहीत.

लोहार
मोल्ड न वापरता त्यावर मत देऊ नये. 'मोल्ड_जॉब्स' १ केले की एका वेळी एकच मोल्ड चालतो, बाकीचे रांगेत थांबतात.

निवांत
मी तर ६४ जीबी रॅम घेऊन मोकळा झालो.

सांडशी
पॅच तपासण्यासाठी डिबगच का हवा, हे कुणी विचारलेच नाही. रिलीज बिल्ड करून असर्शन (कोडमधील अंतर्गत तपासण्या) चालू ठेवल्यास बहुतेक चुका पकडल्या जातात आणि लिंकरला डिबग माहितीचे ओझे वाहावे लागत नाही. डीबगरमध्ये पायरीपायरीने जायचेच असेल, तर 'एलएलव्हीएम_यूज_स्प्लिट_ड्वार्फ' चालू करावे. मग बहुतांश डिबग माहिती वेगळ्या फाइलींत राहते.

चक्रधर
रिलीज, असर्शन, फक्त एक्स८६, लिंक एका वेळी एक, लिंकर एलएलव्हीएमचाच एलएलडी. बिल्ड पूर्ण झाला. दोन चाचण्या नापास झाल्या, पण ती माझ्याच पॅचची करणी आहे. लिंक जॉब २ केल्यास चालेल का?

पारवा
अंदाजाने ठरवू नये. क्लँगची लिंक कमांड 'टाइम'च्या 'व्ही' पर्यायासह एकदा चालवून 'मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ' (कमाल किती मेमरी लागली) काय येतो ते इथे लिहा.