मॉडेल रेल्वेची गाडी एकाच वळणावर मंदावते: रूळ घासायचे की वायर टाकायची?

महालकर: गाडी अडली की हात आधी सँडपेपरकडे जातो, ही सवय मोडा. माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट एचओ मापाचा, म्हणजे दोन रुळांतलं अंतर (गेज) १६.५ मिमी; इंजिनाला वीज रुळातूनच मिळते. कंट्रोलरपासून सगळ्यात लांबच्या वळणावर इंजिन मरगळायचं. दोन महिने रूळ घासले, फरक शून्य. मल्टीमीटर लावला तर तिथेही पूर्ण १२ व्होल्ट! मग इंजिन त्याच वळणावर धावत असताना पिना टेकवल्या, तर जेमतेम ९. रिकाम्या रुळात करंट वाहत नाही, म्हणून व्होल्टेज पूर्ण दिसतं. चोर होत्या सैल, काळ्या पडलेल्या फिशप्लेटी, म्हणजे रुळाचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या. बोर्डाखालून जाड वायरची जोडी फिरवली, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्या जोडीतून वीज आणणारी छोटी वायर, म्हणजे फीडर, सोल्डर केला, गाडी एका चालीत धावू लागली.

धरमपेठ_लोको: नाही पटलं, भाऊ. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, त्याची ओल आणि रस्त्याची धूळ रुळावर बसते. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एक फेरी मारा, कापड काळंकुट्ट निघतं. चाकंही तशीच पुसा. माझी धक्के खाणारी गाडी तेवढ्यानेच सुधारली. नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी सोल्डरिंग आयर्न कशाला? रुळाखालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात.

महालकर: पुसायला माझा विरोध नाहीच, सँडपेपरला आहे. ओरखड्यात मळ आणखी घट्ट बसतो. कुठेही धक्के बसत असतील तर मळ समजा. दरवेळी एकाच भागात मंदावत असेल तर व्होल्टेज मोजा.

मोतीबाग_७६२: फीडर नकोत म्हणून मी सगळे जोडच सोल्डर केले होते. जानेवारीत झकास. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत रूळ वळणावर कमानीसारखा उचलला गेला, इंजिन घसरलं. निकेल सिल्व्हरचा ३ मीटरचा रूळ ३० अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलिमीटर वाढतो, अन् मी त्याला जागाच ठेवली नव्हती. खऱ्या रुळातही फिशप्लेटच्या जोडाला फट याचसाठी सोडतात. म्हणून फीडर हवेतच, पण जोड मोकळे ठेवा.

धरमपेठ_लोको: चालत्या गाडीखाली मोजायचं मी कधी केलं नव्हतं. माझाही मागचा कोपरा थोडा मंदच आहे, आज रात्री मोजतो. पण रूळ आधी पुसून घेणार, त्यावर मी ठाम आहे.

महालकर: पुसायच्या आधी अन् नंतर, दोन्ही आकडे टाका.