मदत हवी आहे : कमोडोर ६४ च्या सिड या आवाजाच्या चिपला पर्याय कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, काकांनी इंग्लंडहून आणलेला कमोडोर ६४ हा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक माझ्याकडे आहे. चित्र स्वच्छ येतं, बेसिक चालतं, पण आवाजाची वाट लागली आहे. चिपच्या तीनपैकी एक व्हॉइस (स्वराची वाहिनी) पूर्ण बंद, बाकी दोन्हींत खरखर. सिड ६५८१ प्रकारची आहे, म्हणजे १२ व्होल्टची. २८ नंबरच्या पिनवर मोजून पाहिलं, व्होल्टेज बरोबर आहे. वीजपुरवठाही नवा आहे, कारण जुन्या अडॅप्टरमधला रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब येतो आणि रॅम जळते.

म्हणजे चिपच गेली असं वाटतं. जुनी ६५८१ विकत घेणं धोक्याचं वाटतं, बनावट फार. सिडच्या नंतरच्या आवृत्तीला, ८५८० ला, ९ व्होल्ट लागतात, ती या बोर्डात थेट बसवता येणार नाही.

म्हणून आता सिडच्या जागी बसणाऱ्या नव्या चिपांपैकी स्विनसिड, आर्मसिड की एफपीजीएसिड, एवढाच प्रश्न. सिडचा रचनाकार बॉब यानेसनं ६५८१ मध्ये जो अ‍ॅनालॉग फिल्टर घातला, त्याचा तो किंचित मळलेला, जाडसर आवाज मला फार प्रिय आहे. ज्यांनी मूळ चिप आणि नवी चिप एकाच मशीनवर ऐकली आहे, त्यांनी फिल्टरबद्दल आवर्जून सांगा. आणखी एक : पॅडल (खेळांसाठीची फिरवायची बटणं) आणि माउसही सिडमधूनच वाचले जातात. तुमच्याकडच्या चिपवर ते नीट चालतात का? भारतात मागवली असेल तर कस्टम्सचा अनुभवही कळवा.