अळिंबीची (मशरूमची) निर्यात अडल्यावर उत्पादकाला शासनाकडून नेमके काय मिळू शकते?

प्रश्न – कोयनाकाठ (कराड तालुका)

सर्वांना नमस्कार. कराड तालुक्यात माझा बटण अळिंबीचा चार वातानुकूलित खोल्यांचा प्रकल्प आहे. गेली तीन वर्षे निम्म्याहून अधिक माल पुणे भागातील एक प्रक्रिया उद्योजक ठरलेल्या दराने उचलत होते आणि डबाबंद किंवा गोठवलेल्या स्वरूपात परदेशी पाठवत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेले, त्यानंतर त्यांच्याकडील मागणी घटली. आम्हाला आधी दर कमी करून सांगितला गेला आणि मग आठवड्यातून दोनच दिवस माल आणा, असा निरोप आला. अळिंबी मात्र कोणासाठी थांबत नाही. आज न काढलेल्या बटणाची छत्री उद्या उघडते आणि उघडलेल्या मालाला गिऱ्हाईक राहत नाही. उरलेला माल कराड, सातारा आणि कोल्हापूरच्या हॉटेलांना देतो, परंतु तेथील गरज थोडी असल्याने दर लगेच कोसळतो.

निर्यातदारांसाठी जाहीर झालेल्या सवलतींपैकी काही माझ्यासारख्या उत्पादकापर्यंत पोहोचते का? बँकेचा हप्ता पुढे ढकलून मिळेल का? खोल्या १६ ते १८ अंशांवर ठेवण्याचे वीजबिल तर माल विकला काय आणि न विकला काय, येतेच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – निवृत्त शाखाधिकारी (सांगली)

आपला प्रश्न रास्त आहे, पण उत्तराचा पहिला भाग आपल्याला आवडणार नाही. निर्यातीवरील सवलती ज्याच्या नावावर शिपिंग बिल (माल परदेशी पाठवताना सीमाशुल्क खात्याला द्यायचा कागद) आणि आयात-निर्यात संकेतांक असतो, त्याच्यासाठी आखलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली, हे खरे. परंतु ती ठरावीक मालाच्या निर्यातदारांसाठी होती, आणि ३१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांच्याकडे निर्यात-कर्जाची बाकी असणे आवश्यक होते. आपले कर्ज प्रकल्प उभारणीचे आहे, निर्यात-कर्ज नव्हे, त्यामुळे त्या परिपत्रकाचा आधार घेऊन शाखेत गेलात तर परत पाठवले जाल. केंद्राने त्याच महिन्यात मंजूर केलेली २०,००० कोटी रुपयांपर्यंतची निर्यातदारांसाठीची पतहमी योजना (बँकेच्या कर्जाला सरकारची हमी) हीसुद्धा अखेर नवीन कर्जच आहे, अनुदान नव्हे.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा नाही. हप्ता थकण्यापूर्वीच शाखेला लेखी अर्ज देऊन मुदतवाढ किंवा पुनर्रचना मागावी. अशा कर्जांना बहुधा ९० दिवसांचा थकबाकी नियम लागतो, आणि पहिल्या ३० दिवसांतच खाते निरीक्षणाखालील यादीत जाते. एकदा खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे बुडीत धरलेले) झाले की तोच अधिकारी इच्छा असूनही फार काही करू शकत नाही. माझ्या नोकरीतील अनुभवाने सांगतो, लोक दोन महिने उशिरा येतात. अर्जासोबत उद्योजकाने दर उतरवल्याचे निरोप, जुनी व नवी खरेदी बिले आणि खोलीनिहाय उत्पादनाची वही जोडावी. निरोप फक्त फोनवर आला असेल, तर आपणच त्यांना लेखी विचारून घ्यावे. प्रकल्पाला फलोत्पादन अभियानातून ४० टक्के अनुदान मिळाले असेल, तर ते कर्जाशी निगडित असते. मुदतीपूर्वी कर्ज फेडून मोकळे होण्याचा विचार करण्याआधी मंजुरीपत्रातील अटी वाचाव्यात.

उत्तर २ – धिंगरीवाली ताई (मिरज तालुका)

दादा, विजेच्या बाबतीत एक गोष्ट तपासून घ्या. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात ‘कृषी – इतर’ या वर्गात हरितगृह आणि ऊतीसंवर्धनाबरोबर अळिंबी लागवडीचाही उल्लेख आहे. वीज फक्त लागवडीसाठी वापरली जावी, अशी अट आहे. आमच्या ओळखीतील एका शेतकऱ्याला जोडणी घेताना औद्योगिक वर्ग लागला होता आणि त्यांनी दोन वर्षे तसेच बिल भरले. आपल्या बिलावर कोणता वर्ग छापला आहे ते आजच पाहा. मात्र त्याच मीटरवर सुकवणी यंत्र किंवा पॅकिंग चालवत असाल, तर ते वेगळे काढावे लागेल, नाहीतर तपासणीत तीच गोष्ट अंगाशी येते.

आमचा बचत गट सोयाबीनच्या भुसकटावर आणि गव्हाच्या काडावर धिंगरी (शिंपल्याच्या आकाराची अळिंबी) घेतो. धिंगरी सुकवता येते, हा तिचा मोठा आधार आहे. दहा किलो ताज्या मालाचा साधारण एक किलो सुका माल होतो आणि तो कोरडा ठेवल्यास महिनोन्‌महिने टिकतो. सुकवणी आणि पूड करण्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते, आणि गटातील सदस्यांना ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळते. तालुका कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीचा पत्ता विचारा. अर्ज तेच भरून देतात.

उत्तर ३ – कृष्णाकाठ (वाळवा तालुका)

ताईंचे म्हणणे धिंगरीपुरते बरोबर आहे, पण बटणाला ते तसेच लागू होत नाही. सुक्या बटणाला आपल्याकडे गिऱ्हाईक कमी, आणि डबाबंद करणे हे चार खोल्यांच्या उत्पादकाचे काम नव्हे. शिवाय अमेरिकेने भारतातील डबाबंद अळिंबीवर १९९९ मध्येच डंपिंगविरोधी शुल्क (फार स्वस्तात विकलेल्या परदेशी मालावरचा जादा कर) लावले होते, म्हणजे ही बाजारपेठ बेभरवशाची असल्याचे त्या उद्योजकाला ठाऊक असायला हवे होते. जोखीम त्याची, तोटा मात्र आपल्या खोलीत, असा हा व्यवहार झाला.

मला खरी गरज बाजार हस्तक्षेप योजनेची, म्हणजे दर कोसळल्यावर उत्पादकाला सरकारने आधार देण्याच्या योजनेची वाटते. हमीभाव नसलेल्या नाशवंत मालासाठी ती आहे, आधीच्या सर्वसाधारण हंगामापेक्षा दर किमान १० टक्क्यांनी उतरावा लागतो आणि नुकसान केंद्र व राज्य निम्मे-निम्मे सोसतात. पण मागणी राज्य सरकारने करावी लागते, आणि त्यासाठी दर उतरल्याची नोंद हवी. आपला माल बाजार समितीत न जाता थेट हॉटेलात जातो, मग ती नोंद ठेवणार कोण? सातारा-सांगलीतील उत्पादकांनी आपापल्या विक्रीच्या पावत्या एकत्र करून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे, असे मी सुचवतो. माझ्याकडे १४ महिन्यांच्या पावत्या आहेत.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. वीजबिल काढून पाहिले. वर्ग औद्योगिकच छापलेला आहे. उद्या महावितरणच्या कार्यालयात अर्ज देतो आणि तेथूनच बँकेत जातो. कृष्णाकाठ, माझ्याकडे जूनपासूनच्या पावत्या आहेत, त्याआधीच्या उद्योजकाकडून मागवाव्या लागतील; आपला निवेदनाचा मसुदा तयार असल्यास येथेच टाकावा.