'कोळसा तयार करणे' चालेल का?

कोथरूडकर
दगडी कोळशापासून द्रव इंधन कसं करतात, यावरचा मजकूर मराठीत आणतोय. 'कोल प्रिपरेशन'ला 'कोळसा तयार करणे' लिहिलं, तर आई म्हणाली, "म्हणजे लोणाऱ्यासारखी भट्टी लावायची?" 'पूर्वप्रक्रिया' फार सरकारी वाटतं. पुढे 'कोल वॉशिंग' आहे. 'कोळसा धुणे' लिहायला हात धजत नाही, लगेच 'उगाळावा तितका काळाच' आठवतं.

पाषाणवाले काका
आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे लाकडाचाही कोळसाच आणि खाणीतलाही कोळसाच. 'तयार करणे' म्हटलं की लाकूडच जळणार. 'कोळशाची पूर्वतयारी' लिहा.
'धुणे' मात्र नको. तिथे काळेपणा नाही, दगड काढायचा असतो. कोळशाची घनता पाण्याच्या साधारण १.३ ते १.४ पट, त्यातल्या दगडाची दुपटीच्या वर. हे तर डाळ रोळणं झालं! आपल्या बऱ्याच कोळशात राख, म्हणजे जळल्यावर मागे उरणारा दगडमातीचा भाग, ३५-४० टक्के, आणि दगड इतका अंगात मुरलेला की आधी फोडल्याशिवाय सुटत नाही. दगडाचं तेल होत नाही, तो नुसती जागा अडवतो आणि झडपा झिजवतो.

रोवळीवाली
'रोळणे' वाचून बरं वाटलं. माझ्या सासूबाई परातीत पाणी घालून डाळ हेलकावत, वरची डाळ ओंजळीने दुसऱ्या भांड्यात घेत, शेवटी तळाशी चिमूटभर खडे उरत. पण काका, एक खोट आहे. डाळ काही तरंगत नाही, हेलकाव्याने वर येते.

पाषाणवाले काका
पकडलंत! पाण्याला हेलकावे देणारं यंत्र असतं, जिग. त्याला 'रोळणे' चपखल. दुसऱ्या रीतीत पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची भुकटी कालवून पाणीच जड करतात, मग कोळसा तरंगतो, दगड बुडतो. त्याला 'तरंगवून निवडणे' म्हणा.

कोथरूडकर
आणि 'स्लरी'? कोळसा वाळवून पिठासारखा दळतात आणि त्याच कारखान्यात निघालेल्या जड तेलात मिसळतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बर्गियसच्या १९१३च्या पेटंटपासून चालत आलेली रीत. 'कालवण' लिहू?

रोवळीवाली
नको हो, भाकरी आठवते. 'मधात खलणे'मधलं 'खलणे' छान आहे, पण ते क्रियापद. गोबरगॅसवाला शेतकरी सर्रास 'स्लरी' म्हणतो, तेच ठेवा.

कोथरूडकर
ठरलं: "कोळसा फोडून, रोळून, वाळवून दळतात आणि तेलात खलून स्लरी करतात. मग हायड्रोजनच्या दाबाखाली ४०० ते ४५० अंशांना तापवतात." वाळवायचं कारण कंसात देतो: पाणी राहिलं तर त्याची वाफ करण्यातच उष्णता जाते.
आईची शंका: ते मॅग्नेटाइट पाण्याबरोबर वाहून जात नाही का?

पाषाणवाले काका
लोहचुंबकाने गोळा करून परत वापरतात. आईंना सांगा, खड्यांना ती सोय नाही.