जुन्या डेस्कटॉपवर गेमिंग: नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणून काय बघता?

ऑफिसांतून निवृत्त झालेला किंवा कुणी वापरून सोडलेला डेस्कटॉप घ्यायचा आणि त्यात ग्राफिक्स कार्ड घालायचं, हा गेमिंगचा सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता. पण बहुतेक जण आधी कार्ड निवडतात आणि नंतर कळतं की कॅबिनेटमध्ये ते मावत नाही, किंवा मावलं तरी त्याला वीज पुरत नाही. ज्यांचा हात या कामावर बसलाय त्यांनी कृपया आकड्यांसकट लिहावं. 'मस्त चालतं' एवढ्यावर थांबू नये.

सुरुवात मीच करते. खरेदीआधी मशीन ओळखणं महत्त्वाचं. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवलं की मदरबोर्डाचं मॉडेल, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामची) आवृत्ती व तारीख आणि बायोस मोड (लेगसी म्हणजे जुनी पद्धत की यूईएफआय म्हणजे नवी) एकाच पडद्यावर दिसतं. मग बाजूचं झाकण काढून टेपने दोन मापं घ्या: मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची लांबी आणि कार्ड बसतं त्या लांब स्लॉटच्या खाली किती जागा मोकळी आहे ती. ऑफिसच्या डब्यांत हा पिंजरा नेमका कार्डाच्या वाटेत असतो.

प्रोसेसरची पिढीही आत्ताच बघा. एव्हीएक्स२ सूचनासंच इंटेलच्या चौथ्या पिढीत, म्हणजे २०१३ मध्ये आला. तिसऱ्या पिढीचे आय५-आय७, एएमडीचे एफएक्स आणि चौथ्या पिढीतलेच पेंटियम-सेलेरॉन यांच्यात तो नाही. काही नव्या गेम त्याच्याशिवाय उघडतच नाहीत, मग कार्ड कितीही भारी असो.

* * *

एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मोठ्या अक्षरातले वॅट विसरा. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि १२ ने गुणा. ४५० वॅट छापलेल्या डब्यावर १२ व्होल्टला १८ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्ड मिळून वाट्याला २१६ वॅटच येतात. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टचे, गेमिंगला त्यांचा फारसा उपयोग नाही. '८० प्लस'चा शिक्का कार्यक्षमता सांगतो, आतल्या मालाचा दर्जा सांगत नाही.

हिशेब असा: स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट, ६ पिनमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. प्रोसेसरचे ६५ ते ९०, पंखे-डिस्क-बोर्डाचे ५० धरा. बेरीज १२ व्होल्टच्या क्षमतेच्या दोनतृतीयांशाच्या आत ठेवा, कारण कार्डं काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या बरीच वर उसळी मारतात. उसळी झेपली नाही की निळा पडदाही न येता मशीन थेट बंद पडून पुन्हा सुरू होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं. या नोंदीचा अर्थ 'वीज अचानक गेली' इतकाच. एसएमपीएस दोषी आहे हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण संशयितांच्या यादीत तो पहिला.

साटा (डिस्कची जोडणी) ते ६ पिन जोडवायर वापरू नका. साटाच्या वीज जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या; म्हणजे ५४ वॅट. त्यातून ७५ मागितले की आधी प्लास्टिक मऊ होतं, मग काळं पडतं.

आणि मॉड्युलर (वायरी डब्यातून सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी जागेवर ठेवून फक्त डबा बदलण्याचा आळस करू नका. कार्डाकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरलेला आहे, डब्याकडच्या टोकाला नाही; तो एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क क्षणात जाते.

* * *

वरच्याला पुरवणी. ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमध्ये बोर्डावर २४ पिनऐवजी ६ किंवा ८ पिनांची जोडणी असू शकते. असे बोर्ड एसएमपीएसकडून मुख्यतः १२ व्होल्टच घेतात आणि ५ व ३.३ व्होल्ट स्वतः तयार करतात. खूण सोपी आहे: डिस्कला वीज देणारी वायर एसएमपीएसमधून न येता बोर्डातून निघते. त्या वायरीवरून कार्डाला वीज देणं तर साध्या साटा जोडवायरीपेक्षाही वाईट, कारण तिथे जळतो तो बोर्ड.

साधा एटीएक्स एसएमपीएस लावायचा असेल तर त्याच मॉडेलसाठीची २४ पिन ते ६ किंवा ८ पिन वायर घ्या. दिसायला सारख्या वायरींत पिनांचा क्रम वेगळा निघतो. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय बोर्डाला जोडू नका. डब्याचा आकार आणि स्क्रूची भोकंही जुळायला हवीत. बारक्या कॅबिनेटमध्ये ती जुळत नाहीत, तिथे हा खटाटोप सोडून द्यावा.

* * *

खटाटोप सोडून देणाऱ्यांसाठी: वेगळी वीजवायर न लागणारी कार्डं. जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५०, आरएक्स ६४००, आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती. १६५० च्या काही कार्डांवर ६ पिन असते, तेव्हा फोटोत कार्डाची वरची कड बघून घ्या. ३०५० ची ८ जीबी आवृत्ती हे वेगळंच कार्ड आहे, त्याला १३० वॅट लागतात. ६ जीबीवालं ७० वॅटमध्ये भागवतं.

आरएक्स ६४०० मध्ये एक मेख आहे. ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेच्या, चारच लेन वापरतं. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटवर हे खपून जातं, तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर त्या वाटेचा वेग निम्मा होतो. त्यात कार्डाची मेमरी ४ जीबी. ती भरली की टेक्स्चर (दृश्यातल्या पृष्ठभागांची चित्रं) रॅममधून त्या अरुंद वाटेने आणावी लागतात आणि गेम अडखळते. टेक्स्चर 'मध्यम'वर ठेवलं तर त्रास कमी होतो. इंटेलची आर्क कार्डं जुन्या बोर्डांसाठी नकोतच. त्यांना रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) लागतं, ते नसेल तर कामगिरी चांगलीच घसरते.

१०५० टीआय आणि १०६० घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: एनव्हिडियाने या पिढीसाठी गेम-रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. जुन्या गेमला काही फरक पडत नाही.

* * *

वापरलेलं कार्ड घेताना जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून शेडरची (चिपमधल्या गणन-एककांची) संख्या बघा. खरं आरएक्स ५८० म्हणजे २३०४. '५८० २०४८एसपी' हे नाव ५८० चं असलं तरी शेडर ५७० इतकेच. जीटीएक्स १०६० मध्ये ६ जीबीला १२८० आणि ३ जीबीला ११५२, म्हणजे फरक फक्त मेमरीचा नाही. जुन्या चिपवर बदललेला बायोस चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डंही असतात. बऱ्याचदा जीपीयू-झेड नावापुढेच 'फेक' दाखवतं.

मग २० मिनिटं भार द्या आणि कोअर व हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू) यांच्या तापमानातलं अंतर बघा. १५-२० अंश ठीक. ३० च्या वर गेलं तर चिपवरची उष्णतावाहक पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक एका बाजूने उचललाय. पेस्ट बदलणं सोपं, मेमरीवरचे उष्णतावाहक पॅड बदलणं जिकिरीचं: १ मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड घातला की हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. जुना पॅड दबलेला असतो, त्यामुळे तो मोजून खरी जाडी कळत नाही.

* * *

मॉनिटरची वायर कार्डाला लावा, बोर्डाला नाही. हसू नका. आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वर अडकलाय का तेही बघा.

* * *

रॅमबद्दल थोडक्यात. ८ च्या दोन कांड्या १६ च्या एका कांडीपेक्षा बऱ्या, कारण दोन वाहिन्या मिळतात. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा वापरा. सीपीयू-झेडमध्ये 'ड्युअल' दिसलं पाहिजे. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल १.५ व्होल्टच्या बोर्डावर चालते. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम मात्र साध्या बोर्डावर चालणार नाही. तिची खाच जुळते, म्हणूनच लोक फसतात. नव्या-जुन्या कांड्या मिसळल्या तर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारही फेरे होऊ द्या. एकही चूक आली तर कांड्या एकेक करून तपासा.

एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत, पण मोठ्या नकाशात फिरताना बसणारे हिसके कमी होतात. चौथ्या पिढीच्या आसपासचे बरेच बोर्ड एनव्हीएमईवरून (साटापेक्षा वेगवान एसएसडी) बूट होत नाहीत. विंडोज साटा एसएसडीवर ठेवा आणि जोडकार्डावरच्या एनव्हीएमईवर गेम ठेवा, तसं बिनदिक्कत चालतं.

* * *

प्रोसेसर बदलायचा असेल तर: चार कोअर-चार थ्रेडच्या आय५-४५७० वर सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण गर्दीच्या दृश्यात गेम गचके खाते. त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसण्याच्या जागेत) आय७-४७७० किंवा ४७९० बसवला की आठ थ्रेड मिळतात आणि गचके बरेच निवळतात. आधी खात्री करा: ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या खाली रेंगाळतोय आणि रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नाहीत, तर अडथळा बहुतेक प्रोसेसरचाच.

सॉकेटच्या नावावर विसंबू नका. एलजीए ११५१ दोन आहेत: सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर, आठवी-नववी ३०० मालिकेवर. अदलाबदल होत नाही.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांची चांदी आहे. २०१७ च्या बी३५० बोर्डावरही रायझन ५ ५६०० बसू शकतो. बोर्डाच्या यादीत नाव आहे का बघा आणि बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करा. नंतर पडदाच येणार नाही. कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कुलूप बंद असतानाच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं भाराखाली तापवा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

* * *

कुणी विंडोजचा विषय काढला नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते. व्हॅलोरंटसारख्या गेमची फसवणूकरोधी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) दोन्ही मागते. चौथ्या पिढीचा डबा घ्यायच्या आधी आपल्या गेमची अट वाचा.

लेगसीतून यूईएफआयवर जायचं तर 'एमबीआर२जीपीटी' हे विंडोजचं साधन डेटा न पुसता डिस्क बदलून देतं, तरी बॅकअप घ्याच. सीएसएम (लेगसी पद्धत चालू ठेवणारा बायोसमधला पर्याय) बंद करताना मात्र जपून: फार जुन्या कार्डात यूईएफआयचा व्हिडिओ बायोस नसतो, मग पडदा काळा राहतो.

* * *

काळ्या पडद्यावर उपाय, याच क्रमाने. स्लॉटच्या टोकाची खिटी टक् वाजेपर्यंत कार्ड आत दाबा. वीजवायर बघा. बायोसमध्ये पहिला डिस्प्ले 'पीसीआय एक्स्प्रेस' करा. तरी नाही, तर प्लग काढून सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा; तारीख रोज मागे जात असेल तर सेल नवाच घाला. शेवटी कार्ड काढून बोर्डाच्याच डिस्प्लेवर बायोस अपडेट करा आणि कार्ड पुन्हा लावा. जुन्या ब्रँडेड बोर्डांवर गाडी पुष्कळदा या शेवटच्या पायरीलाच सुरू होते.