आधी मराठी अक्षरं तपासा
चित्र बनवणारं एआय टूल निवडताना फुकटात किती चित्रं मिळतात ते बघावं, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. मजकूर मराठी असेल तर पहिली परीक्षा जोडाक्षरांची. सोसायटीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण एका एआय टूलकडून करून घेतलं. चित्र सुरेख, पण ‘कुंकू’चा उकार गायब आणि ‘आमंत्रण’मधला ‘त्र’ मोडलेला.

तेव्हापासून एआयकडून फक्त पार्श्वभूमी घेते, मधली जागा मोकळी ठेवायला सांगते आणि अक्षरं कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये स्वतः टाइप करते. तारीख बदलली तरी चित्र पुन्हा करावं लागत नाही. फॉन्ट मात्र बघून घ्या. गूगल फॉन्ट्सवरचा ‘तिरो देवनागरी मराठी’ मोफत आहे आणि त्यात ल, श मराठी वळणाचे येतात. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे असतात, मला ते फार खटकतं.