एआयचा हिंटन म्हणतात धोका आहे, लेकून म्हणतात नाही, आपण कुणाचं धरायचं?

शिरोलीचा_क्वालिटीवाला:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. शॉट ब्लास्टिंगमधनं (बारीक लोखंडी छर्रे मारून साफ होऊन) कास्टिंग आलं की ब्लोहोल (गॅसनं पडलेलं भोक), क्रॅक, कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ) बघायचं, पास नाहीतर रिजेक्ट. दिवाळीनंतर लाईनवर कॅमेरा बसलाय आणि तीन महिने झाले मी फोटोवर माऊसनं दोषाभोवती चौकोन काढालोय, त्यावरनं एआय शिकणार आहे. त्यामुळं रात्री ह्या विषयातल्या मोठ्या माणसांचे व्हिडिओ बघत बसतो. हिंटन, बेंजिओ, लेकून, एआयमधले तिघं शास्त्रज्ञ, तिघांना मिळून २०१८ चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला सगळ्यात मोठा मान. हिंटन २०२३ ला गूगल सोडून बाहेर पडले आणि धोका आहे म्हणून सांगालेत, बेंजिओ पण तेच म्हणतात, आणि लेकून म्हणतात ही भीती वाढवून सांगितलेली आहे. एकाच कामातली माणसं आणि मतं अशी. पोरगं दहावीला आहे, त्याला काय सांगू? तुम्हाला कुणाचं पटतं?

रंकाळ्यावरचा_वारा:
मला हिंटन यांचं. १९८६ ला त्यांचा बॅकप्रॉपगेशनवरचा (चुकीवरनं मशीनला शिकवायच्या रीतीवरचा) पेपर आला, त्यानंतर कितीतरी वर्षं न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूच्या धर्तीवरच्या ह्या पद्धतीला, कोण विचारत नव्हतं तरी माणूस ते सोडून हलला नाही. २०१२ ला टोरंटोत दोन विद्यार्थ्यांना घेऊन फोटो ओळखायच्या स्पर्धेत बाकीच्यांना लई मागं टाकलं, २०२४ ला हॉपफिल्ड यांच्याबरोबर फिजिक्सचं नोबेल. एवढं सगळं झाल्यावर तोच माणूस म्हणतोय जरा थांबून विचार करा, तर ऐकायला पाहिजे. त्यात त्यांचा काय फायदा?

एक्सरेवाली:
मी राजारामपुरीत राहते, रेडिओलॉजी टेक्निशियन आहे. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण २०१६ ला हिंटन यांनीच सांगितलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणं आता बंद करा, पाच-दहा वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. आमच्याकडं आजही रिपोर्टसाठी पेशंट ताटकळतात कारण डॉक्टर पुरत नाहीत. सॉफ्टवेअर मदत करतं, छातीच्या फिल्ममध्ये बारीक डाग दाखवतं, चांगलं आहे. पण जुनी फिल्म काढून शेजारी धरणं, सर्जनला फोन करून विचारणं, हलणाऱ्या म्हाताऱ्या आजींना धीर देऊन सरळ झोपवणं हे त्यांच्या हिशोबात नव्हतंच. पुढं त्यांनी स्वतः मान्य केलं की आपण जरा सरसकट बोललो. मशीन कसं शिकतं ह्यावर त्यांचं ऐका दादा, तुमच्या कामाचं काय होणार ह्यावर नको.

रंकाळ्यावरचा_वारा:
ताई, एक अंदाज चुकला म्हणून सगळंच खोटं होत नाही की. ते आता जे म्हणालेत ते नोकरीपेक्षा मोठं आहे, ही यंत्रं आपल्या ताब्यात राहतील का हा प्रश्न आहे.

उद्यमनगर_पॅटर्नवाला:
भावा, ह्या सगळ्यात एक बाई राहिल्या, फेई-फेई ली. २०१२ ची जी स्पर्धा वर लिहिलीया ती ज्या फोटोंवर झाली तो इमेजनेट संग्रह त्यांचा. २००९ ला मांडला, पुढं एक कोटी चाळीस लाखांवर फोटो झाले. आणि प्रत्येक फोटोत काय आहे ते सांगायला जगभरातली हजारो माणसं इंटरनेटवरनं कामाला लावली होती, बारीक मोबदल्यावर. त्यांची नावं कुणालाच म्हाईत न्हाईत. तू जे चौकोन काढालायस ते तेच काम आहे.

आता माझं ऐक. मी तीस वर्षं पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) करालोय. ब्लोहोल मशिनिंगच्या फेसवर असंल आणि वरवरचं असंल तर कटमध्ये निघून जातंय, ते कास्टिंग तू पास करतोस. तेच बोअरपाशी (आतल्या गोल भोकापाशी) असंल तर रिजेक्ट. चिकटलेली वाळू फोटोत कधीकधी हुबेहूब ब्लोहोलसारखी दिसती, तू बोटानं खरवडून बघतोस. हे चौकोनात कुठं आलं? चौकोनाबरोबर कारण पण लिहून ठेव, आणि ते तुझ्या नावानं ठेव. पोराला शाखा कुठलीही घेऊ दे, पण सुट्टीत एकदा फर्नेसपाशी आण, धातू ओततानाचं बघू दे त्याला.

शिरोलीचा_क्वालिटीवाला:
सगळ्यांचे आभार. काका, आज साहेबांना विचारलं की फोटो कुणी मार्क केला ते फाईलमध्ये राहतं का. नाही म्हणाले, फक्त चौकोन राहतो. कारणाचा एक रकाना वाढवून द्या म्हणून अर्ज दिलाय. तोपर्यंत वही घातलीया, पार्ट नंबर, दोष, आणि पास किंवा रिजेक्ट कशामुळं ते. पहिल्या शिफ्टची चौदा कास्टिंगं लिहून झाली. पोराला रविवारी आणतोय.